तुझ्या वाक्यावर मयत फंड बंद करतायत

डोंबिवली, सोमवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

काल आपल्या गावकरी मंडळाची सभा झाली. सभासद गेला की त्याच्या मयतीचा खर्च देणारा आपला मयत फंड बंद करायचा आणि शिल्लक सभासदांत वाटून टाकायची, असा ठराव आला. ठराव मांडणाऱ्या पोराने आधार घेतला तो तुझा. म्हणाला, "बंडूकाका तेव्हाच सांगायचे, माणसाच्या आजारपणाची नि मरणाची जबाबदारी सरकारची आहे, वर्गणी काढून ती निभावत नाही. आता सरकार करतंय ना? मग हा फंड कशाला?" टाळ्या पडल्या. मी उठलो, बोललो, पण निम्मी माणसं तोवर चहाकडे वळली होती. ठराव पुढच्या सभेवर गेला एवढंच. तेव्हापासून डोकं भणभणतंय. हे दुसऱ्या कोणाला सांगू? याच विषयावर चाळीतल्या गावच्या खोलीत रात्र रात्र माझ्याशी भांडलेला तू एकटा उरला आहेस.

आमची तब्येत ठीक. माझी साखर ताब्यात आहे, गुडघा नाही. हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता नीट दिसतंय.

चाळ पाडणार हे तुला कळलंच असेल. पागडीची खोली, भाडेपावती तात्यांच्या नावावर. तात्या गेले, पावती त्यांच्याच नावावर राहिली. त्यांचा धाकटा म्हणतो, खोली गावाची, मी कुठेही सही करतो. थोरला काहीच बोलत नाही. ते प्रकरण वकिलाकडे दिलंय, त्यावर आज लिहीत नाही.

खोली रिकामी करताना लोखंडी पेटीतून फंडाच्या जुन्या वह्या निघाल्या. तात्यांचं अक्षर आठवतं ना, प्रत्येक ओळ उजवीकडे चढत जाणारी? खर्चाची बाजू वाच नुसती. मयतीचं सामान. गावी तार. दोघांचं एस.टी. भाडं. घरी पोचवले, तांदूळ नि रोख. एका माणसाच्या मरणाचा सगळा हिशोब चार ओळींत. आणि 1982 च्या वहीत, जानेवारीनंतर, जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच शब्द: माफ. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर बसला, आणि तात्यांनी कोणाला न विचारता वर्गणी माफ करून टाकली. नाव मात्र एकाचंही कापलं नाही. तुझ्या नावापुढेही 'माफ' आहे, माझ्याही. त्याच वर्षी साचा खात्यातले, म्हणजे मागावर विणणारे, आपले काका गेले. दोन्ही पाळ्यांना जागं ठेवणारे घोरणारे काका. "यांच्या घोरण्यावर वेगळी वर्गणी लावा" असा तू भर सभेत मांडलेला ठराव ते स्वतः हसत हसत अनुमोदन देऊन बसले होते! त्यांचाही सगळा खर्च फंडातूनच झाला. वहीत आहे.

आता तुझ्या कामगार विम्याकडे येतो, कारण भांडण तिथलंच आहे. तू म्हणायचास, विमा योजना ही या शतकातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि मी तेव्हाही ते नाकारत नव्हतो. 1943 मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री असताना सरकारने प्रा. अदारकरांना कामाला लावलं, 1944 ला त्यांचा अहवाल आला, 1948 ला कायदा झाला आणि 1952 ला कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली. आपल्या बापाच्या पिढीने पगारातून पैसे कापले जाताना शिव्या दिल्या, पण त्याच विम्याच्या कार्डावर हजारो माणसं क्षयातून उठली. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती भरलेल्या माणसाला आपला मयत फंड काय देणार होता? शेवटी चार ओळी. औषध, बेड, आजारपणाची भरपगारी नाही तरी अर्धी रोकड, हे कार्डानेच दिलं. हे मी मान्य करतो. अगदी मनापासून मान्य करतो.

पण संपात काय झालं ते तू पाहिलंस. पगार नाही म्हणून कपात नाही, कपात नाही म्हणून काही महिन्यांत दवाखान्याचा हक्क संपला. ज्या वर्षी माणसाला डॉक्टर सगळ्यात जास्त लागला, त्याच वर्षी कार्ड मेलं. ते गिरणीला बांधलेलं होतं, गिरणी गेली तसं तेही गेलं. वही माणसाच्या नावाला बांधलेली होती. काल मी सभेत नेमकं हेच सांगत होतो आणि मागून कोणीतरी म्हणालं, "काका, आता आयुष्मान आहे." आहे! फुले योजना आहे, आयुष्मान आहे, मोठी ऑपरेशनं होतात, माझ्या साडूची बायपास त्यातच झाली, पैसा द्यावा लागला नाही. मी त्या योजनांच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण मयतीचं काय? वर्षाला 436 रुपयांचा जो जीवनज्योती विमा आहे, त्याचं कवच पंचावन्नाव्या वर्षी संपतं. आपल्या मंडळात पंचावन्नाच्या आत माणसं किती? वीस रुपयांचा दुसरा आहे तो सत्तरीपर्यंत चालतो, पण तो अपघाताचा. अंथरुणात मेलेल्या म्हाताऱ्याला त्यातून दमडी मिळत नाही. गिरणीतून गेलेल्या माणसाचं पेन्शन म्हणावं, तर किमान हजार रुपये, 2014 पासून तेवढंच. त्या हजारात बाई महिना काढते. नवरा गेल्यावर तिच्या दारात पहिल्या दिवशी कोण पोचतं? अर्ज पोचत नाही. आपण पोचतो. पोचायचो.

तुला राग येतोय, मला इथून दिसतंय. तुझा खरा मुद्दा मी विसरलेलो नाही. "तुमच्या वहीत बौद्धवाडीतला एक तरी माणूस दाखव," हे तू तात्यांना तोंडावर विचारलं होतंस. तीही माणसं आपल्याच गावची, आपल्याच गिरणीत. पण साचा खात्यात त्यांना घेत नव्हते, का, तर सूत तोंडाने ओढायला लागतं म्हणून. आणि खोलीतही नाही. विम्याच्या कार्डाने जात विचारली नाही, हे तुझं म्हणणं लाखमोलाचं होतं. आपल्या खाणावळीच्या माईचंही तेच. एवढ्या माणसांना दोन्ही पाळ्यांचं जेवण घालून माई गेली, तर बाई म्हणून वहीत तिचं पान नाही. तू रुमाल पसरून फिरलास, म्हणून तिचं सगळं रीतसर झालं. खाणावळवाल्यांसाठी प्रेमाताई पुरवांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, तेव्हा माईने आपल्याला ज्या मानेने ताट वाढलं ते मी विसरणार नाही. पान ज्यांना मिळालं नाही त्यांनी स्वतःचं पुस्तक काढलं.

म्हणून सांगतो, त्या पोराने तुझं अर्धंच वाक्य उचललं. तू कधीही 'बंद करा' म्हणाला नव्हतास. तू म्हणायचास, उघडा करा, आणि सरकारकडून हक्काने घ्या. दोन्ही.

अभ्यासवर्गात वेल्सच्या खाणवाल्यांची गोष्ट सांगितली होती, आठवते? ट्रेडेगर. मी ती पुन्हा शोधून वाचली. तिथल्या कामगारांनी पगारातल्या दर पौंडामागे तीन पेनी काढून स्वतःचे डॉक्टर नेमले, दवाखाना चालवला. अन्युरिन बेव्हन त्याच गावचा, खाणकामगाराचा मुलगा, स्वतः खाणीत उतरलेला. तो आरोग्यमंत्री झाला आणि 5 जुलै 1948 ला साऱ्या ब्रिटनला मोफत दवाखाना मिळाला. गावाने जे स्वतःसाठी केलं तेच त्याने देशासाठी केलं. तू टाळी वाजवली होतीस तिथे. पण अलीकडची पलीकडची पानं तेव्हा कोणी सांगितली नाहीत. 1911 ला तिथल्या अर्थमंत्री लॉइड जॉर्जने विम्याचा कायदा केला: कामगाराचे चार पेनी, मालकाचे तीन, सरकारचे दोन; आणि कारभार दिला तो आपल्यासारख्याच मंडळांकडे. दिला, पण विमा कंपन्याही त्यात घुसल्या. कंपनीच्या एजंटाने दार ठोठावून पैसे न्यायचे, सभा नाही की ओळख नाही. शिवाय धडधाकट माणसांचं मंडळ गब्बर, खाणवाल्यांचं कंगाल, कारण त्यांच्यात आजारी जास्त. हा अन्याय बेव्हरिजने सरकारसाठी लिहिलेल्या 1942 च्या सामाजिक विम्याच्या अहवालात दाखवला. तरी त्याचं म्हणणं होतं की मंडळं मोडू नका, सरकारच्या योजनेत त्यांना हाताशी ठेवा. सरकारने ऐकलं नाही, सगळं सरकारी खात्याकडे घेतलं. मला विचारशील तर पैसा खात्याकडे घेतला हे बरोबर. गरीब मंडळाच्या माणसाला कमी का मिळावं? पण माणसं सोडायला नको होती.

आणि आपल्याकडे हे जमलेलं आहे, बंड्या, तुझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्याच घरात. माथाडी, म्हणजे ओझी वाहणारे हमाल! 1969 चा कायदा, अण्णासाहेब पाटलांनी लढून आणलेला. मालक रोज बदलतो म्हणून हमालाला कोणी विचारत नव्हतं. माथाडी बोर्डाने व्यापाऱ्यांकडून मजुरी नि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा, घेतली, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. टोळी मात्र टोळीच राहिली. कोण आजारी, कोणाच्या घरी काय झालं, ते टोळीला माहीत. तुझा अण्णा मशीद बंदरला पाठीवर गोणी घेऊन म्हातारा झाला, पण निवृत्त झाला तो फंड घेऊन, ताठ. बोर्ड मोडकळीला आणायचे प्रयत्न होतात तेव्हा अण्णा आजही मोर्चाला जातो.

मला पुढच्या सभेत एवढंच मांडायचंय. फंड ठेवा. सभासद पूर्ण गावाचे करा, सगळ्या वाड्या, बौद्धवाडी धरून, बाया स्वतःच्या नावाने. आणि फंडाने फक्त मयतीला पैसे द्यायचे असं नाही. कोणाचं कार्ड अडलंय, कोणाची वारसनोंद राहिलीय, विधवेचा अर्ज कुठल्या टेबलावर पडलाय, हे बघायला दोन पोरं नेमा, त्यांचा प्रवासखर्च फंडातून. ठराव मांडणारा तो पोरगाच घ्या त्यात, हुशार आहे, बँकेत आहे. वाटून प्रत्येकाच्या हातात जे येईल त्यात गणपतीचं गावचं तिकीटसुद्धा निघणार नाही, आणि एकदा वाटलं की पुन्हा जमणार नाही.

तुझं नाशिकचं कसं चाललंय? लेकीकडे रमलास का? नातवाचं बारावीचं काय झालं? वहिनींच्या पाठीचं कळव. द्राक्षं पाठवू नकोस, गेल्या खेपेची रस्त्यातच चिरडली.

मुख्य काम आता. सभा गणपतीच्या आधीच्या रविवारी आहे. येता आलं तर ये, मुक्काम आमच्याकडे. नाही जमलं तर तुझ्या हातचं पत्र पाठव, मंडळाच्या नावाने, तुझं पूर्ण वाक्य लिहून, खाली सही. फोनवरचा निरोप चालणार नाही, तो मी बनवला म्हणतील. मी ते वाचून दाखवीन आणि वहीला लावीन. अण्णालाही सांग, माथाडी बोर्डाचं तो बोलला तर पोरं ऐकतील.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दाजी

ता. क. आपल्या गाळ्यातली फळी मी काढून आणलीय, तुझी नि माझी ट्रंक असायची ती. हवी असेल तर कळव, नाहीतर ही तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडणार आहे.