मेणबत्ती ऑक्सिजन मोजत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळाशाळांतून एक प्रयोग हमखास मांडला जातो. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडी बरणी. ज्योत विझते, पाणी आत चढते आणि शेजारी उभे असलेले मूल पाठ केलेले वाक्य म्हणते, "हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला, म्हणून तेवढे पाणी वर आले."

प्रयोग छान आहे, वाक्य चूक आहे. ही चूक मुलांना स्वतः पकडता येते, म्हणून प्रयोग काढून टाकू नये. तो नीट करावा, एवढ्यासाठी हे पत्र.

हिशेब असा. ऑक्सिजन हवेत सुमारे २१ टक्के असतो, पण तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. म्हणजे बराचसा ऑक्सिजन आत शिल्लकच राहतो. शिवाय मेण जळताना ३८ भाग ऑक्सिजन वापरला गेला तर साधारण २५ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १०० मिलिलिटर हवेतला ५ मिलिलिटर ऑक्सिजन गेला, तर त्याच्या जागी सव्वातीन मिलिलिटर दुसरा वायू आला. ज्वलनाची वाफ पाणी होऊन काचेवर बसते, ती सोडून दिली तरी निव्वळ घट दोन मिलिलिटरसुद्धा भरत नाही. मग पाणी इतके का चढते? बरणी खाली आणताना ज्योतीभोवतीची तापलेली, फुगलेली हवा आत कोंडली जाते; थोडी कडेखालून बुडबुड्यांनी बाहेरही पडते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते. पाणी नेमके कधी चढते ते मुलांना बघायला सांगा. ज्योत जळत असताना ते फारसे हलत नाही, विझल्यानंतर झपाट्याने वर येते. ऑक्सिजन संपण्यामुळे पाणी चढत असते, तर ते सुरुवातीपासून हळूहळू चढायला हवे होते.

आता तपासणी. अर्धा लिटरची जाड काचेची बरणी घ्या (पातळ ग्लास तडकतो), सपाट ताटलीत दोन सेंटिमीटर पाणी आणि सारख्या उंचीच्या तीन मेणबत्त्या. मेणबत्त्या कोरड्या ताटलीवर शाडूच्या मातीने बसवा. ओल्या ताटलीवर वितळलेले मेण धरत नाही. बरणीच्या कडेखाली दोन नाणी ठेवा, नाहीतर कड ताटलीला घट्ट बसते, पाणी आत शिरत नाही आणि प्रयोग फसला असे वाटते. पंखा बंद. आधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा: एक, दोन आणि तीन मेणबत्त्यांना पाणी किती चढेल? बरणीत हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. तरीही तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्टपणे जास्त चढते. बरणी सावकाश उतरवली की झटकन, यानेही उंची बदलते. मग शेवटचा डाव: ज्योतच नको. बरणीत गरम पाणी मिनिटभर ठेवून ओतून टाका आणि ती लगेच थंड पाण्याच्या ताटलीत उपडी करा. काहीही न जळता पाणी चढते. गरम बरणी शिक्षकांनी फडक्याने धरावी.

मेणबत्ती जळणे हा रासायनिक बदल आहेच. त्याचा पुरावा हवा असेल तर पानाच्या टपरीवरचा चमचाभर चुना लिटरभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा आणि वरची निवळी काढून घ्या. ज्योत विझलेल्या बरणीवर झाकण सरकवून तिला सुलटी करा, थोडी निवळी घालून हलवा. आतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधाळ होते.

ऑक्सिजन खरोखर मोजायचा असेल तर त्याला घन पदार्थात अडकवावे लागते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने पारा १२ दिवस तापवून हेच केले होते. शाळेत पारा नकोच. त्याऐवजी लोखंड गंजू द्यावे. लोहकिसाला तेल असते, म्हणून तो साबणाच्या पाण्याने धुवा, मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवा आणि पुन्हा पाण्याने धुवा. व्हिनेगर राहिले तर हायड्रोजन सुटून मोजमाप बिघडते. परीक्षानळी आतून ओली करून एक-दोन ग्रॅम कीस भिंतीला चिकटवा आणि नळी चंचुपात्रातल्या पाण्यात उपडी बांधा. भांडी घासायची स्टीलची घासणी चालत नाही. तिला चुंबक चिकटले तरी ती गंजत नाही.

एक ते तीन दिवस लागतात. १५ सेंटिमीटरच्या हवेच्या स्तंभात पाणी साधारण तीन सेंटिमीटर चढते. नोंद रोज एकाच वेळी, सावलीत घ्यावी. सकाळपेक्षा दुपारी तापमान नऊ-दहा अंशांनी जास्त असेल तर पाणी जवळजवळ अर्धा सेंटिमीटर खाली दिसते आणि मुले गोंधळतात.

शेजारी दुसरी नळी लावावी, तीत कीस दुप्पट. मेणबत्त्या वाढवल्या तेव्हा पाणी जास्त चढले होते. इथे दुप्पट किसाची नळी लवकर थांबते, पण दोन्हींतले पाणी थांबते एकाच खुणेवर, आणि न गंजलेला कीस आत तसाच चमकत असतो.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, सातारा