दीर्घिकांची बीजे आली कोठून?

महोदय,

विश्वाच्या आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणावरील (‘इन्फ्लेशन’) लेख बहुधा फुगलेल्या फुग्याच्या उपमेपाशीच थांबतात आणि त्यातला खरा मोलाचा भाग राहून जातो. त्या प्रसरणाला चालना देणाऱ्या अदिश क्षेत्रात (ज्याला प्रत्येक ठिकाणी मूल्य असते, पण दिशा नसते) पुंजयांत्रिकीनुसार, म्हणजे अतिसूक्ष्म जगाच्या नियमांनुसार, अटळ असे सूक्ष्म चढउतार होते. त्यांमुळे प्रसरण कुठे किंचित आधी, तर कुठे किंचित उशिरा संपले आणि घनतेत पडलेला तो फरकच पुढे दीर्घिकांचे बीज ठरला, असे गणित हॉकिंग, स्टारोबिन्स्की, गुथ आदी भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२मध्ये मांडले. लहान-मोठ्या अंतरांवरील हे चढउतार जवळजवळ, पण अगदी तंतोतंत नव्हे, सारख्याच तीव्रतेचे असावेत हे त्याचे भाकीत विश्वाच्या आरंभकाळातील उरलेले प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांशी जुळते. मात्र ते क्षेत्र नेमके कोणते, हे अज्ञात आहे आणि त्या प्रसरणातून अपेक्षित आदिम गुरुत्वीय लहरीही (अवकाश-काळातील तरंग) अद्याप सापडलेल्या नाहीत. तेव्हा ‘सिद्ध झाले’ हा मथळेकारांचा आवडता शेरा तूर्त घाईचा आहे.

– एक वाचक