शेजारी कोण राहतं?

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई, तू सहज विचारलंस, "शेजारी कोण राहतं गं?" आणि मला नाव सांगता आलं नाही. चार वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आम्ही. तू पुढे काही बोलली नाहीस, पण तुझं ते गप्प होणं दिवसभर टोचत राहिलं.

मी कोरडी झालेय असं समजू नकोस. रोज हजारो चेहरे समोरून जातात. प्रत्येकात जीव गुंतवायचा म्हटलं तर संध्याकाळपर्यंत निभाव लागायचा नाही. गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०३ मध्येच हे मांडलं होतं: महानगरातला माणूस अलिप्त होतो, तो स्वतःचं मन जपण्यासाठी. ते वाचून मला फार धीर आला.

आणि खरं सांगू? त्या अलिप्तपणानेच मला मोकळं केलं. गावात मी आधी तुमची मुलगी होते, मग मी. इथे कामावरून रात्री कितीही उशिरा परतले, तरी एकही खिडकी किलकिली होत नाही. तुम्हाला हे रुचणार नाही, पण मला ते हवं होतं.

बाबा, तुम्ही म्हणता, हल्ली गावातही मजुरी ठरल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही, शहराने माणसं बिघडवली. मला तसं वाटत नाही. तुम्ही नुसत्या शब्दावर पैसे द्यायचात, कारण घेणाऱ्याचं सगळं घर तुमच्या ओळखीचं असायचं. शब्द मोडून तो जाणार कुठे? अनोळखी माणसांत शब्दाला जामीन नसतो, म्हणून करार, अनामत, सह्या. शिवाय आज तुम्ही त्याच्या शेतात राबायचं, उद्या त्याने तुमच्या, हे चालायचं ते घरात माणसं होती म्हणून. १९५० मध्ये जगातले साधारण ३० टक्के लोक शहरात होते. २००७ च्या सुमारास हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेलं. घरटी एकेक जण माझ्यासारखा निघून गेला, मग परतफेडीला येणार कोण? यात माझाही वाटा आहे, बाबा, आणि तो मला सलतो.

रविवारी मी शेजारचं दार वाजवलं. दार उघडलं, पण साखळी तशीच. "मी बाजूचीच," म्हटलं, आणि पुढे काय बोलावं सुचेना. मग म्हटलं, "आई विचारत होती, शेजारी कोण राहतं."

त्या हसल्या. साखळी काढली. त्यांची आईही गावीच असते.

तुमची,
लेक