रायफलीचे लोअर स्वस्तातले चालेल, हात आखडू नका तो बॅरलवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या बंदुकांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘सुटे भाग टपालाने मागवा आणि घरी रायफल जोडा’ हे त्यातले विधान अर्धेच खरे आहे. मी राहतो त्या टेक्साससारख्या राज्यात एआर-15 या इथल्या लोकप्रिय रायफलीचे बॅरल (नळी), बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा भाग), ट्रिगर, दस्ता असे बहुतेक सगळे कुरियरवाला दारात आणून देतो. दारात येत नाही ते लोअर रिसीव्हर. ट्रिगर, हॅमर आणि मॅगझीन ज्यात बसते तो हा खालचा सांगाडा. या रायफलीत सिरियल नंबर याच्यावरच असतो आणि केंद्रीय कायद्याच्या लेखी एवढा तुकडा म्हणजेच ‘बंदूक’. ऑनलाइन पैसे भरले तरी माल परवानाधारक विक्रेत्याकडे जातो. तिथे ओळखपत्र दाखवून 4473 क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासणी पार पडली की मगच ते घरी नेता येते. आणखी एक विचित्र गोष्ट: केंद्रीय कायद्यानुसार 18 वर्षांच्या मुलाला दुकानातून अख्खी रायफल मिळते, पण नुसते लोअर घ्यायला 21 पूर्ण लागतात. कारण त्यापासून पुढे पिस्तूलही होऊ शकते!

माझा मुद्दा मात्र पैशाचा आहे. इथल्या आपल्या मंडळींपैकी जे या छंदात नव्याने पडतात, ते नेमका याच भागावर नको तेवढा खर्च करतात. साधे कोरे लोअर 50 ते 100 डॉलरमध्ये मिळते, वर विक्रेत्याची हस्तांतरण फी. तीन-चारशेचेही मिळते, त्यात नक्षी जास्त, नाव मोठे. पण गोळी सुटताना जो प्रचंड दाब तयार होतो, तो बोल्ट आणि बॅरलच्या मागच्या टोकाने पेलायचा असतो, लोअरने नाही. नेमही मुख्यतः बॅरल, दारूगोळा आणि ट्रिगर यांवर ठरतो. त्यामुळे लोअरवर वाचवलेले दोनशे डॉलर बॅरलला लावावेत, हे माझे स्पष्ट मत.

स्वस्त म्हणजे काहीही, असे मात्र नाही. धातू 7075-टी6 या मजबूत जातीचे अॅल्युमिनियम हवा आणि तो घडीव, म्हणजे फोर्ज केलेला. भोसरी-चाकणला ज्यांनी मशीनशॉपमध्ये दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको. फोर्जिंग करणारे कारखाने इथे मोजकेच. अनेक कंपन्या त्यांच्याकडूनच कच्चा तुकडा घेतात आणि आपापल्या मशीनवर कापून आपला शिक्का मारतात. म्हणून दोन ब्रँडच्या किमतीत दुप्पट फरक असला तरी आतला धातू एकाच जातीचा असू शकतो. फरक पडतो तो मशीनिंगमध्ये आणि वरच्या हार्ड अॅनोडायझिंगमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरच्या कडक थरात. प्लास्टिकचे लोअर आणखी स्वस्त आणि हलके असते; पण मागे बफर ट्यूब (दस्ता जिच्यावर चढतो ती नळी) जिथे आटे धरून बसते तिथे त्यातले काही तडकतात, असा बोभाटा आहे. मी तरी घेणार नाही.

विक्रेत्याच्या काउंटरवर फॉर्म भरण्याआधी वस्तू हातात घेऊन पाहावी. रिकामे मॅगझीन आत सरकवून पाहा, ते घासता कामा नये. मागचे आटे स्वच्छ आहेत का, पिनांच्या भोकांच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची खरखरीत कड, राहिली आहे का, काळा रंग सगळीकडे सारखा आहे का, हे उजेडात धरले की दिसते. ट्रिगर गार्ड ज्यात बसतो ते दोन पातळ कान विशेष पाहा. रोल पिन ठोकताना खालून आधार दिला नाही तर त्यातला एक कान पटकन तुटतो, आणि मग चांगले लोअरही वाया जाते. ज्याच्या हाताला हातोडीची सवय नाही त्याने गार्ड अंगचाच असलेले लोअर घ्यावे; दहा-वीस डॉलर जास्त पडले तरी. अपर, म्हणजे बॅरल आणि बोल्ट असलेला वरचा भाग, बसवल्यावर किंचित खुळखुळले तर मात्र घाबरू नये, त्याने नेम चुकत नाही.

आता आपल्या लोकांपुरते. एच-वन-बी (नोकरी), एच-फोर (त्यांचे कुटुंबीय) किंवा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्यांना बंदूक घेणे तर सोडाच, बाळगणेही केंद्रीय कायद्याने मना आहे. वैध शिकारी परवाना असणे, अशा थोड्याच सवलती आहेत. ‘फक्त लोअरच तर घेतोय’ ही पळवाट नव्हे, कारण लोअर म्हणजेच बंदूक. गुन्हा शाबित झाला तर तुरुंग आणि पुढे हकालपट्टी. ग्रीन कार्ड असलेल्यांना घेता येते, पण राज्य पाहून. न्यू जर्सीत आधी खरेदीदाराचे ओळखपत्र काढावे लागते आणि एआर पद्धतीच्या रायफलींवर कडक बंधने आहेत; वॉशिंग्टन आणि इलिनॉय या राज्यांनी 2023 मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली. एडिसन (न्यू जर्सी) किंवा रेडमंडच्या (वॉशिंग्टन) मराठी वाचकाने टेक्सासमधल्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. माझाही.

आणि सुट्टीत गावी येताना ‘भावाला दाखवायला’ म्हणून यातला एखादा सुटा भाग बॅगेत टाकू नये. अमेरिकेतून तो बाहेर काढायलाच निर्यात परवाना लागू शकतो, आणि भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या व्याख्येतच सुटे भाग येतात. मुंबई विमानतळावर ‘हे नुसते अॅल्युमिनियम आहे’ हे कोणी ऐकून घेणार नाही.

आपला,
एक वाचक, प्लेनो (टेक्सास)