सोन्याचा भाव रोज छापता, हिऱ्याचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज सोन्या-चांदीच्या भावाची चौकट येते आणि ती वाचल्याशिवाय आमच्या घरात चहाचा कप खाली ठेवला जात नाही. जळगावची माणसं आम्ही, सोन्यातलं आम्हाला कुणी शिकवायला नको, 22 काय, 18 काय, घडणावळ किती लावली, घट किती धरली, सगळं तोंडपाठ. पण गेल्या महिन्यात धाकट्याच्या साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायला निघालो तेव्हा लक्षात आलं की हिऱ्यातलं मला शून्य कळतं, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणींची तीच गत असणार म्हणून हे पत्र.

झालं असं की माझ्याकडे 2016 साली घेतलेली एक अंगठी होती, आमच्या ह्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेली. म्हटलं ती मोडीत घालू आणि वर थोडे टाकून सूनबाईची घेऊ. जिथून घेतली तिथेच गेले, एकटीच. काउंटरवरच्या मुलाने वजन केलं, कॅल्क्युलेटर बडवला आणि आकडा दाखवला तो फक्त सोन्याचा. म्हटलं अरे बाबा हिऱ्याचं काय, तर म्हणे काकू या मालाला आम्ही परत घेत नाही. मी म्हटलं हॉलमार्क आहे की हो! तर तो हसला. तेव्हा राग आला, पण आता कळतंय की हसण्यासारखंच होतं, कारण हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नसतोच. आता 1 एप्रिल 2023 पासून तो सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर सक्तीचा झालाय, सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते, फार चांगली सोय आहे, पण त्यात कळतं ते एवढंच की सोनं 750 म्हणजे 18 कॅरेटचं आहे. वर बसवलेला खडा हिरा आहे की अमेरिकन डायमंड, त्याबद्दल तो नंबर काही म्हणजे काही बोलत नाही. दुकानात मात्र ‘हॉलमार्कवाली डायमंड रिंग’ असं एका दमात म्हणतात आणि आपण मान डोलावतो.

माझा भाचा सुरतेला कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात असॉर्टिंगला, म्हणजे हिरे निवडून प्रत लावायला, आहे. आपल्या खानदेशातली किती पोरं तिकडे आहेत ते तापी लाइनच्या गाडीत बसलं की कळतं. जगातले बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात आणि आपण खानदेशात बसून हिऱ्याला घाबरतो, आहे की नाही गंमत. तो सुट्टीला आला होता, त्याला अंगठी दाखवली. खिशातून लूप काढला, दहापट मोठं दिसतं त्यातून, डोळ्याला लावून बघितलं आणि म्हणाला, मावशी हा एक हिरा नाहीये, सात आहेत. मधे एक आणि भोवती सहा, इतके चिकटवून बसवलेत की लांबून एकच मोठा वाटतो, याला प्रेशर सेटिंग म्हणतात. मी कपाटातून पावती काढली. त्यावर 0.30 लिहिलं होतं आणि पुढे बारीक अक्षरात 7. दहा वर्षं मला ते बोटाचं माप वाटत होतं.

म्हणजे दुकानदार खोटं बोलला असं म्हणता येत नाही. सात मिळून तीस सेंट, म्हणजे 0.30 कॅरेट, होते ते खरंच. पण एकच तीस सेंटचा हिरा आणि चार-चार सेंटचे सात यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण मोठा खडा मिळणं अवघड. सोन्याचे दहा एक-एक ग्रॅमचे तुकडे म्हणजे दहा ग्रॅमच, हिऱ्यात तो हिशोब चालत नाही. म्हणूनच तुमच्या चौकटीत हिऱ्याचा भाव येत नाही हे मला त्या दिवशी कळलं, प्रत्येक खड्याचा भाव वेगळा.

मग त्याने दोन तास शिकवणी घेतली. हिऱ्याचा कॅरेट वेगळा आणि सोन्याचा वेगळा, सोन्याचा शुद्धता सांगतो आणि हिऱ्याचा वजन. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, त्याचे 100 सेंट, म्हणजे पाच कॅरेट झाले की एक ग्रॅम. हे कशाला लक्षात ठेवायचं तर काही ठिकाणी खड्यांसकट सगळं वजन सोन्याच्या भावाने लावतात आणि वर हिऱ्याचे पैसे वेगळे घेतात, अंगठीत थोडाच फरक पडेल पण खड्यांचा हार घेतला तर बघा. पावतीवर ग्रॉस (खड्यांसकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) दोन्ही वजनं लिहून मागायची.

रंगाची प्रतवारी डी पासून सुरू होते आणि झेडपर्यंत जाते, ए बी सी नाहीतच. डी, ई, एफ म्हणजे बिनरंगी, जी ते जे जवळजवळ बिनरंगी, पुढे पिवळट झाक दिसायला लागते. काउंटरवाले ‘ईएफ व्हीव्हीएस’ (रंग ई-एफ आणि आतले डाग अगदीच बारीक) हा मंत्र म्हणतात आणि आपल्याला वाटतं याखालचं घेतलं तर नाक कापलं जाईल. भाचा म्हणाला पिवळ्या सोन्यात बसवणार असशील तर एच सुद्धा पांढराच दिसतो, आणि व्हीव्हीएस आणि त्याच्या खालची व्हीएस यांच्यातला फरक लूप लावून आम्हालाच शोधावा लागतो, तुझ्या विहीणबाईंना साखरपुड्यात काय दिसणार. पैसे घालायचे तर कटमध्ये घाल. पैलू नीट पाडलेले नसतील तर प्रकाश खालून निसटून जातो आणि भारी रंगाचा हिरासुद्धा काचेसारखा मेलेला दिसतो. काही खडे वजन टिकवायला मुद्दाम खोल ठेवतात, पैसे वजनाचे देतो आणि वरून दिसतो लहान. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर भरला पाहिजे.

यावरून आठवलं, आपल्या त्र्यंबकेश्वरचा तो नाशिकचा हिरा, 1818 मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी नेला, तो तेव्हा नव्वदच्या आसपास कॅरेटचा होता. पुढे तिकडे पुन्हा पुन्हा पैलू पाडून 1940 मध्ये अमेरिकेत तो 43.38 कॅरेटवर आणला, निम्म्याहून जास्त वजन घालवलं, फक्त झळाळीसाठी. आपल्याकडे कुणी वजन असं जाऊ दिलं नसतं. आपण अजूनही ‘केवढ्याचा आहे’ हेच आधी विचारतो.

मग दुकानं फिरलो, तीन. एका ठिकाणी मुलाने एक कॅरेटची अंगठी काढली, लखलखीत, आणि किंमत सांगितली ती ऐकून ह्यांचे डोळे चमकले. मी विचारलं हा खाणीतला का? तेव्हा म्हणाला नाही काकू, लॅबचा, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला. विचारलं नसतं तर? लॅबच्या हिऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, तो खोटा नाहीच, तोही कार्बनच, 2023 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा दिला तोही लॅबचाच होता. वाफ मारून बघा वगैरे शेजारणीने सांगितलं होतं त्याने काही कळत नाही, दुकानातला हिरा तपासायचा पेनही दोन्हींवर सारखाच वाजतो, खाणीतला की लॅबचा हे मशीनवर तपासूनच ठरतं. पण त्याचे भाव गेल्या काही वर्षांत धडाधड पडलेत, उद्या मोडायला गेलं तर हातात काय येईल हे घेणाऱ्याला आधी कळायला नको का? जीआयए या हिरे तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकन संस्थेने तर 2025 मध्ये लॅबच्या हिऱ्यांना डी ते झेडची जुनी प्रतवारी देणंच बंद केलं, आता प्रीमियम आणि स्टँडर्ड एवढंच लिहितात. सूनबाई म्हणाली मला लॅबचा चालेल आई, तिची पिढी वेगळी, मलाच धीर झाला नाही.

शेवटी घेतला तो खाणीतला, 0.47 कॅरेट, एच, व्हीएस टू, कट एक्सलंट. अर्ध्या कॅरेटला जरा कमी मुद्दाम घेतला, कारण 0.50 झालं की दर एकदम उडी मारतो आणि डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. सर्टिफिकेट सुट्या हिऱ्याचं बघितलं, बसवलेल्या दागिन्याचं नाही, एकदा कोंदणात बसला की नीट तपासताच येत नाही म्हणून त्यावर ‘ई-एफ’ असं मोघम लिहितात. हिऱ्याच्या कडेला लेझरने नंबर कोरलेला असतो तो लूपमधून स्वतः वाचला, सर्टिफिकेटशी जुळवला, आणि मगच बसवायला दिला. दुकानदाराच्या कपाळावर आठी आली होती, येऊ दे.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. अक्षय्य तृतीयेला आणि धनत्रयोदशीला तुमच्या पहिल्या पानावर पानभर जाहिराती असतात, ‘प्रमाणित हिरे’, ‘घडणावळीवर सूट’. त्या घेताना निदान विचारा की प्रमाणित कुणी केलेत, हिरे खाणीतले की लॅबचे, आणि मोडायला आणले तर परत किती टक्क्यांनी घेणार, आणि ते जाहिरातीतच छापायला लावा, तळाशी मुंगीच्या अक्षरात नाही. आणि पावतीवर खड्यांची संख्या आकड्यात नाही तर अक्षरात लिहायचा नियम सरकारने करावा, म्हणजे बोटाचं माप कुणाला वाटणार नाही.

जुनी अंगठी मी मोडली नाही. आणि कृपा करून माझं नाव छापू नका, सात खड्यांचं ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते भावाची चौकट आणि क्रिकेटचं पान वाचून पेपर घडी करून ठेवतात, त्यामुळे इथपर्यंत येणार नाहीत असा अंदाज आहे.

– एक वाचक, जळगाव