लिफ्टच्या खोलीलगत हॅम रेडिओची ड्युअल बँड अँटेना बसवण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

महोदय,
सस्नेह नमस्कार.

मागच्या सभेत माझा अर्ज वाचला गेला आणि "म्हणजे टॉवरच ना?" या प्रश्नावर अडला. अर्ज दोन ओळींचा होता, त्यातून कोणालाच काही कळण्यासारखे नव्हते. म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. सभेनंतर जिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी किरणोत्सर्गाबद्दल विचारले होते. त्यांनाही मी उत्तर देणे लागतो, तेही या पत्रात आहे.

मी परवानाधारक हौशी रेडिओ चालक, म्हणजे हॅम आहे. परवान्याची प्रत जोडली आहे. मला जी अँटेना बसवायची आहे ती फायबरग्लासची एक पांढरी उभी नळी आहे. लांबी १.७ मीटर, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी, आणि वजन किलोच्या आसपास. बुडाशी वितीएवढ्या तीन आडव्या काड्या असतात. गेटमधून मान वर करून पाहिले तर ती दिसेल, पण शोधावी लागेल.

ड्युअल बँड म्हणजे ही एकच अँटेना फ्रिक्वेन्सीच्या दोन पट्ट्यांवर चालते. एक १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, ज्याला आम्ही दोन मीटर म्हणतो. दुसरा ४३५ च्या आसपासचा, सत्तर सेंटिमीटर. ३०० ला मेगाहर्ट्झने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते, त्यावरून ही नावे पडली. वरचा पट्टा खालच्याच्या बरोबर तिप्पट आहे, आणि या योगायोगावरच ही अँटेना उभी आहे. खालच्या पट्ट्यासाठी पाव तरंगलांबीची, म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटरची काडी घेतली, तर वरच्या पट्ट्यावर तीच पाऊण तरंगलांबीची होते आणि सेट दोन्हीकडे तिला स्वीकारतो. मात्र पाऊण तरंगलांबीची काडी आपली ताकद क्षितिजाकडे न पाठवता तिरकी आकाशात फेकते. माझी माणसे क्षितिजाच्या दिशेने आहेत. म्हणून चांगल्या अँटेनेत नळीच्या आत एकावर एक भाग रचून मध्ये वेटोळी घातलेली असतात, जेणेकरून सगळे भाग एका तालात काम करतील आणि लहर आडवी पसरेल. बाहेरून साधी काठी दिसते, पण खरी कारागिरी आत असते.

उभीच का, असेही कोणी विचारेल. या पट्ट्यांवर एफएमने बोलणारे सगळे, गाडीतले, हातातल्या सेटवरचे आणि रिपीटरसुद्धा, उभ्या अँटेना वापरतात. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेले यंत्र. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकते आणि त्याच क्षणी दुसरीवर पुढे पाठवते. समोरच्याची अँटेना उभी आणि माझी आडवी असेल तर येणारी लहर बरीचशी वाया जाते, प्रत्यक्षात शंभरातला एखादा भाग हाती लागतो. शिवाय उभी अँटेना चारी दिशांना सारखीच ऐकते. तिला फिरवायला मोटर लागत नाही, गच्चीवर हलणारे काही राहत नाही.

आता निवडीबद्दल, कारण मला सर्वात जास्त सांगायचे आहे ते हेच. मी निवडलेली अँटेना डायमंड एक्स-५० या जातीची आहे. कंपनीच्या पत्रकात तिचा गेन, म्हणजे क्षितिजाकडे ताकद किती एकवटते त्याचे माप, खालच्या पट्ट्यावर ४.५ आणि वरच्यावर ७.२ डीबीआय (हे त्याचे एकक) लिहिला आहे. त्याच घराण्यात ५.२ मीटर लांबीची एक्स-५१० आहे, तिचे आकडे ८.३ आणि ११.७. कागदावर मोठीच बाजी मारते, आणि आमच्यातले बरेच जण तिच्याकडेच धाव घेतात. मीही घेतली होती. पण दोन गोष्टींनी मागे फिरलो.

पहिली म्हणजे, हे आकडे एका काल्पनिक, सर्व दिशांना सारखे प्रसारण करणाऱ्या बिंदूशी तुलना करून काढतात. त्याच मापाने साध्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेलाही २.१५ मिळतात. गेन म्हणजे अँटेनेने निर्माण केलेली शक्ती नव्हे. वर-खाली जाणारी लहर दाबून ती क्षितिजाकडे वळवलेली असते, पोळी लाटताना गोळा चपटा होऊन रुंदावतो तशी. अँटेना जितकी लांब तितकी ही पोळी पातळ. सपाट माळावर ते उत्तम. आपण मात्र सातव्या मजल्याच्याही वर असणार. खूप पातळ पोळी खाली रस्त्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते, आणि आकाशात वर चढलेल्या उपग्रहाकडेही तिचे टोक पोचत नाही. मधल्या आकाराची अँटेना दोघांनाही थोडेथोडे सांभाळते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ती आपणा सर्वांच्या काळजीची आहे. लहान अँटेना सेकंदाला ६० मीटर वाऱ्यापर्यंत टिकेल असे पत्रक सांगते, मोठी ४० पर्यंत. किलोमीटरमध्ये ते ताशी २१६ आणि १४४ होतात. माझ्या हिशोबाने ताशी १४४ किलोमीटरच्या वाऱ्यातही लहान अँटेनेवर सहा किलोच्या आसपास रेटा येईल. मोठीवर तो कितीतरी जास्त, आणि लांबीमुळे पाइपच्या बुडाशी येणारा वाकवणारा ताण त्याहूनही जास्त. खाली मुले खेळतात. मला ते दडपण नको आणि समितीलाही नको.

"मग घरातच का लावत नाही?" हा प्रश्न अगदी योग्य आहे. दोन वर्षे तेच करतो आहे. गॅलरीत जे-पोल लटकवली आहे. ती एकूण दीड मीटरची, वर अर्ध्या तरंगलांबीची काडी आणि तिच्या बुडाशी पाव तरंगलांबीची जोडपट्टी. घडण साधी आणि कामाची. पण गॅलरीच्या तीन बाजूंना आपलीच इमारत आहे, लोखंडी सळ्यांनी भरलेली. त्या बाजूंचे मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. या पट्ट्यांवर उंची हेच भांडवल आहे. अँटेनेच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणले की सपाट प्रदेशात रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. २५ मीटरवरून ते सुमारे २० किलोमीटर येते, चारी दिशांना. वॅट दुप्पट केल्याने जे साधत नाही ते मोकळे आकाश मिळाल्याने साधते.

जागा मी लिफ्टच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीलगत सुचवतो आहे. ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, भिंतीच्या कॉलमला दोन ब्रॅकेटवर. पाइप खोलीच्या छतापासून दोन मीटर वर जाईल, त्यावर अँटेना. गच्चीच्या स्लॅबला एकही छिद्र नाही. मोकळ्या आकाशाच्या दृष्टीने खरी सर्वोत्तम जागा पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर होती आणि तिचा मोह मला झाला होता. पण वीजवाहकाचा दांडा तिथे आहे. तो सर्वांत उंच राहायला हवा. माझ्या जागेवर अँटेनेचे टोक त्या दांड्याच्या बरेच खाली आणि त्याच्या संरक्षक छत्रात राहते. टाकीची सावली एका दिशेला पडेल, त्या दिशेचे काही स्टेशन मला कमी ऐकू येतील. ते मला मान्य आहे. पाइप जाड वाहकाने, शक्य तितक्या सरळ आणि आखूड मार्गाने, इमारतीच्या अर्थिंगला जोडला जाईल. केबल आत शिरते तिथे गॅस ट्यूबचा लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारा भाग बसेल, त्याचेही अर्थिंग तेच असेल. वेगळा खड्डा करून वेगळे अर्थिंग घेणे घातक ठरते, कारण वीज पडली की दोन अर्थिंगमध्ये प्रचंड दाबाचा फरक पडतो. याने वीज टळते असे मी म्हणणार नाही. गडगडाट सुरू झाला की मी केबल सेटपासून काढून ठेवतो, इथेही तेच करीन.

काकूंचा प्रश्न. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत. त्या अणूतून इलेक्ट्रॉन काढू शकत नाहीत. मात्र जवळून आणि भरपूर प्रमाणात शरीर तापवू शकतात, म्हणून अंतराची मर्यादा असते आणि ती पाळायलाच हवी. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाची सर्वसामान्य लोकांसाठीची मर्यादा या पट्ट्यांवर चौरस मीटरला सुमारे दोन वॅट आहे. मी सेट २५ वॅटच्या वर नेणार नाही. त्यातून केबलमधली घट वजा केली, स्लॅबवरून होणारे परावर्तन मिळवले आणि मी एक क्षणही न थांबता बोलत राहिलो असे धरले, तरी ती मर्यादा अँटेनेपासून तीन मीटरच्या आत संपते. अँटेनेचे बूड गच्चीच्या जमिनीपासून पाच मीटर वर आहे, आणि उभी अँटेना पायाखाली सर्वांत कमी पाठवते. प्रत्यक्षात मी बराच वेळ नुसता ऐकत असतो. राहता राहिला लिफ्ट दुरुस्तीचा माणूस, जो खोलीच्या छतावर चढू शकतो. तो वर असताना सेट बंद राहील. खोलीच्या दारावर तशी पाटी आणि माझ्या घराच्या बेलचा उल्लेख असेल.

एक अडचण मात्र कोणी विचारली नसतानाही मला सांगितली पाहिजे. आपल्या गेटचा रिमोट आणि अनेक गाड्यांच्या किल्ल्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात. हा आकडा आमच्या सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्याला अगदी खेटून आहे. या रिमोटचे रिसीव्हर साधे असतात, शेजारची फ्रिक्वेन्सी त्यांना नीट गाळता येत नाही. जवळ जोरदार सिग्नल असला की गेट त्या क्षणापुरते रिमोट ऐकणार नाही, अशी शक्यता आहे. ते आपोआप उघडण्याची मला भीती वाटत नाही, कारण त्याला ठरावीक सांकेतिक संदेश लागतो. पण दाराशी गाडी ताटकळणे हेही त्रासाचेच. म्हणून अँटेना बसल्यावर पहिल्याच दिवशी वॉचमनला गेटवर उभे करून मी पाच वॅट, मग दहा, मग पंचवीस असे तपासून दाखवीन. अडथळा दिसला तर वरच्या पट्ट्यावर ताकद कमी ठेवीन किंवा गर्दीच्या वेळी फक्त दोन मीटर वापरीन. कोणाच्या स्पीकरमध्ये किंवा व्हिडिओ डोअरफोनमध्ये माझा आवाज घुसला तर त्यांच्या वायरवर फेराइटचा चिमटा लावण्याचा खर्च आणि काम माझे. वाय-फाय आणि डिश टीव्हीच्या फ्रिक्वेन्सी यापासून कितीतरी दूर आहेत.

केबलबद्दल थोडे, कारण इथे मी एकदा चांगलाच फसलो आहे. आधीच्या घरी अँटेना चांगली घेतली आणि केबल बारीक, आरजी-५८. सत्तर सेंटिमीटरवर रिपीटर लागेना. महिनाभर अँटेनेला दोष देत होतो. मग हिशोब मांडला: त्या केबलच्या वीस मीटरमध्ये ४३५ मेगाहर्ट्झवर जेमतेम पाव भाग ताकद वर पोचत होती, उरलेली केबल तापवण्यात जात होती. एलएमआर-४०० सारख्या जाड केबलने तेवढ्याच अंतरात दोन तृतीयांश पोचते. पुढच्या पावसात जोडणीत पाणी शिरले. एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या ताकदीचे माप, १.३ वरून ३ वर गेले. ३ ला पाव भाग ताकद परत फिरते. कनेक्टर उघडला तर आतली जाळी हिरवी पडली होती. त्यामुळे यावेळी एन कनेक्टर, त्यावर स्वतःत चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी, आणि केबल डक्टमध्ये शिरण्यापूर्वी खाली झोल, म्हणजे पाणी आत न येता तिथूनच ठिबकेल. हीच गोष्ट आपल्या डक्टच्याही भल्याची आहे.

आणि हे सगळे कशासाठी? आणीबाणीत हॅम रेडिओ कामी येतो हे खरे, पण त्याचा गाजावाजा करून मी परवानगी मागत नाही. या अँटेनेची झेप स्थानिक आहे; मोबाइल बंद पडले तर शेजारच्या वस्त्यांतल्या हॅमशी आणि रिपीटर चालू असला तर त्याहून लांब संपर्क होईल, इतकेच खात्रीने सांगतो. रोजचा आनंद वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाते आणि त्यावर हॅम केंद्र आहे. ते रिपीटर म्हणून चालते तेव्हा वर जाणारा आवाज १४५.९९० वर, खाली येणारा ४३७.८०० वर, म्हणजे हेच दोन पट्टे. स्थानक क्षितिजावर आले की जास्तीत जास्त दहा मिनिटे मिळतात. अगदी डोक्यावर आले की ही अँटेना जरा बहिरी होते, पण चढताना आणि उतरताना चांगले ऐकते. १९८३ मध्ये ओवेन गॅरियट यांनी स्पेस शटलमधून पहिल्यांदा जमिनीवरच्या हॅमशी गप्पा मारल्या, तेव्हापासून अंतराळवीर फुरसत मिळाली की बोलत आले आहेत. गॅलरीतून मला हे स्थानक त्याच्या फेरीचा अर्धा भागच ऐकू येते, मग ते इमारतीमागे जाते आणि वाक्य तुटते. सोसायटीतली मुले दोनदा ऐकायला आली होती. दोन्ही वेळा त्यांना तुटलेले वाक्यच ऐकवावे लागले, याची मला मनापासून खंत आहे.

माझी विनंती एवढीच की गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम सुरू होण्यापूर्वी समितीने ना-हरकत पत्राचा निर्णय घ्यावा, म्हणजे ब्रॅकेटचे काम आधी उरकेल आणि नव्या थरावर कोणाचा पाय पडणार नाही. मी सदनिका सोडली तर पाइप, ब्रॅकेट आणि केबल काढून भिंत पूर्ववत करून देईन, तसे लेखी देतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बोल्ट, अर्थिंग आणि जोडण्या तपासून त्याची नोंद कार्यालयात देईन. येत्या रविवारी सकाळी मी अँटेना घेऊन गच्चीवर असेन. आपण, समितीचे सदस्य आणि विशेषतः चौथ्या मजल्यावरच्या काकू यांनी ती हातात घेऊन पाहावी, जागा पाहावी आणि जे विचारायचे ते तिथेच विचारावे.

आपला,
सदनिका क्र. ७०२

सोबत: परवान्याची प्रत, जागेचा हाताने काढलेला नकाशा, अँटेना काढून भिंत पूर्ववत करण्याचे हमीपत्र