दोन गुणांची रिक्तिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी पुतणी आठवीत आहे. परवा ती पेशीचा धडा मोठमोठ्याने पाठ करत होती. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. रिक्तिकेपाशी, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीपाशी, आली आणि ‘साठवण करते, दोन गुण’ म्हणून पान उलटलं. मी वनस्पतीशास्त्राचा पदवीधर, पोटापाण्याला द्राक्षबाग. मला राहवलं नाही.

तासगाव तालुक्याचा प्रपंच या रिक्तिकेवर चालतो. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत नव्वद टक्क्यांपर्यंत जागा तीच व्यापते. केंद्रक, हरितलवकं कडेला सरकून बसतात. द्राक्षाची साखर आणि आंबटपणा तिच्यात, काळ्या द्राक्षाच्या सालीचा रंगही तिच्यातच. वाळव्याकडचा ऊस कारखान्यात पिळतात तेव्हा निघणारा गोड रस मुख्यतः तिथलाच. मणी ज्वारीएवढा असताना आपण जीएमध्ये (जिबरेलिक आम्ल, वाढीचं संजीवक) घड बुडवतो, तेव्हा पेशीभित्तिका सैल पडते, रिक्तिका पाणी ओढते आणि पेशी ताणून मोठी होते. माल साखरेवर आला असताना अवकाळी पाऊस झाला की हेच पाणी ओढणं अंगावर येतं. आत साखर दाट, बाहेर साधं पाणी. परासरणाने पाणी आत घुसतं, सालीला ताण सोसत नाही आणि मणी तडकतो. नुकसान किती, ते बागायतदाराला विचारा! बेदाण्याला उलटं करायचं असतं, पाणी बाहेर काढायचं. सालीवरचा मेणाचा थर ते अडवतो, म्हणून द्राक्षं आधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची.

पुतणीच्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. कपाटात, कुलपात. ‘मुलं काच फोडतील’ हे कारण. ऑक्टोबर छाटणीच्या आधी वेलीच्या काडीवरच्या कुठल्या डोळ्यात (न फुटलेल्या कोंबात) घड आहे हे बघायला आम्ही काडी तपासून घेतो, पैसे मोजून, सूक्ष्मदर्शकाखालीच. बापाला काडीतला घड दिसतो आणि पोराला कांद्याची पेशी दिसत नाही, हे काही बरं नाही.

लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा जांभळा पापुद्रा सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा. विटांच्या भिंतीसारख्या जांभळ्या पेशी दिसतात. मग कडेने घट्ट मिठाच्या पाण्याचा थेंब सोडायचा आणि टिपकागदाने दुसरीकडून ओढून घ्यायचा. थोड्याच वेळात जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून आत गोळा होतो, जास्त गडद दिसतो. रिक्तिकेतलं पाणी निघून गेलं, त्यामागोमाग प्रद्रव्यपटलही (भित्तिकेच्या आतलं पेशीचं पातळ आवरण) आत ओढलं गेलं. लगेच साधं पाणी घातलं तर बहुतेक पेशी पुन्हा फुगतात. हे एकदा बघितलेलं पोर परासरणाची व्याख्या चुकवणार नाही. चुकवली तरी माझी हरकत नाही.

काचपट्ट्या फुटल्या तर भरून द्यायला आम्ही गावातले बागायतदार तयार आहोत, काडी तपासणीपुढे तो खर्च किरकोळ आहे. शिक्षण विभागाने जिल्ह्यातल्या शाळांना एवढंच कळवावं, की सहामाहीच्या आत एक तास कपाट उघडा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तासगाव, जि. सांगली